जहाज चुकलं तर

१४ एप्रिल

आज लेकीनं मला काम दिलं. गॅसवाल्याला फोन करा, विजेचं बिल भरा, असलं नव्हे. खरं काम.

नोंद नीट राहावी म्हणून मुळापासून लिहितो. लेक आमची एकुलती एक, वय चौतीस. जानेवारीत तिनं ऑफिसातून सहा महिन्यांची बिनपगारी रजा घेतली आणि चीनमधल्या कारखान्यांतून न्हाणीघराचं सामान मागवून इथं विकायचं ठरवलं. पहिलीच ऑर्डर तगडी मिळाली. नोकरी करणाऱ्या बायकांसाठी एक वसतिगृह बांधून होतंय. चार मजले, मजल्यावर दहा न्हाणीघरं. पंधरा जुलैला बायका राहायला येणार, त्याआधी चाळीसच्या चाळीस न्हाणीघरं तयार हवीत. जमलं तर धंदा उभा राहिला. नाही जमणार असं दिसलं, तर तीस जूनला तिनं साहेबांना "येते परत" कळवायचं आणि जुन्या खुर्चीत जाऊन बसायचं. त्या खुर्चीतून ती नऊ वर्षं संध्याकाळी कशी घरी यायची ते मी पाहिलंय.

जेवताना म्हणाली, "बाबा, बेसिनं एका गावात बनतात, नळ दुसऱ्या, आरसे तिसऱ्या. सगळं एकाच कंटेनरमध्ये भरायचंय. तो कुठल्या बंदरावर भरायचा, हे तुम्ही शोधून काढाल का? तुमचाच विषय आहे."

अडतीस वर्षं भूगोल शिकवला. नकाशे गुंडाळून कपाटात ठेवायला सांगण्यापलीकडे मुख्याध्यापकांनीही कधी "तुमचा विषय" असं म्हटलं नव्हतं. निवृत्त झाल्यापासून तर घरातलं कोणी मला वेळसुद्धा विचारत नाही.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "सावकाश करा हो. महिना लागला तरी चालेल." हिला कामाची निकड कधी कळणार कोण जाणे.

१५ एप्रिल

लागला नाही महिना. पृथ्वीगोल काढला, धूळ पुसली, शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला आणि तिन्ही बंदरांपासून आपल्या बंदरापर्यंतचं अंतर मोजलं. उत्तरेला नदीच्या मुखावरचं मोठं बंदर, मधलं एक, आणि दक्षिणेचं छोटं. छोटं बंदर दोन बोटं जवळ. दोन बोटं म्हणजे समुद्रातले शेकडो मैल. संपला विषय.

लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "एवढ्यात झालं?" चेहरा पडला तिचा. मग हिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पण बाबा, जमिनीवरचे रस्ते? कारखान्यापासून बंदरापर्यंत? तेही मोजा ना."

खरंच की. मुलगी विचार करते. दोऱ्याला जमीन आणि पाणी सारखंच, हे मला सुचायला हवं होतं. रस्त्यांच्या नकाशासाठी वाचनालयात जायला हवं. ही लगेच म्हणाली, "रोज जा. चालणंही होईल."

१७ एप्रिल

आज लेकीबरोबर एजंटच्या कचेरीत गेलो. जहाजावर जागा ठरवणं, कागदपत्रं, माल बंदरातून सोडवणं, ही सगळी कामं हा माणूस करतो. जिना चढून आत गेलो आणि पाहतो तर भोवरा!

माझा विद्यार्थी. बाकावर एक मिनिट टिकायचा नाही म्हणून मीच ठेवलेलं नाव. नववीत भूगोलात शंभरपैकी तेरा. त्यातले दोन मी अक्षर बरं आहे म्हणून दिले होते. आता पोट सुटलंय, कपाळ मागे गेलंय, पण खुर्ची तशीच गरागरा फिरवतो. मला पाहून ताडकन उभा राहिला.

"सर, तुम्ही!"

"कर्कवृत्त कुठून जातं, आलं का सांगता?" मी विचारलं. दोघं हसलो. पण मनात आलं, जगातली बंदरं ठरवायला माणूस सापडला तो हा!

मी आमचा प्रश्न मांडला. भोवरा म्हणाला, "अहो सर, बंदराचं तर आपण…" एवढ्यात लेकीला खोकला आला. ढास लागल्यासारखा. भोवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बंदराचं तर आपण, म्हणजे, तुम्ही म्हणाल तसं करू."

नम्रता आहे. मार्क कमी असले तरी संस्कार टिकले म्हणायचे.

२३ एप्रिल

वाचनालयाचा नकाशा माझ्याही आधी निवृत्त व्हायला हवा होता. त्यात अर्धे रस्तेच नाहीत. मग लेकीनं बेसिनांच्या कारखान्यातल्या विक्री विभागातल्या एका मुलीचा नंबर मला दिला. ती तिच्या भाषेत लिहिते, मी माझ्या, आणि फोन मधल्यामध्ये दोन्हीकडचं भाषांतर करतो. तिच्या फोटोच्या जागी काळा चष्मा घातलेलं मांजर आहे. मी तिला मांजरवाली म्हणतो, अर्थात मनात.

पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या कारखान्यापासून समुद्र किती लांब?" उत्तर आलं, "आदरणीय शिक्षक, छोटं बंदर एक तास. मोठं बंदर ट्रकनं दोन दिवस. आपण समुद्राबद्दल का विचारता? सगळे किमतीबद्दल विचारतात."

आज एकूण तेवीस प्रश्न झाले. तिनं बाविसांची उत्तरं दिली. माती कुठून येते, हे तिलाही ठाऊक नव्हतं. विचारून सांगते म्हणाली. मला हा स्वभाव आवडला.

२ मे

माती डोंगरापलीकडून येते! पांढरी. ती पाण्यात कालवून प्लास्टरच्या साच्यात ओततात, वाळवतात, वर काचेचा लेप देतात आणि भट्टीत भाजतात. भाजलेलं प्रत्येक बेसिन एक बाई बोटाच्या पेरानं वाजवते. खणखणीत वाजलं तर पास, बद्द वाजलं तर बाहेर. मांजरवालीची आई आधी हेच करायची. तिनं चार हजार वेळा रोज वाजवून उजव्या हाताचं बोट वाकडं करून घेतलंय.

घरात लेक आणि तिचा मिस्त्री यांची चकमक चालली होती. हा मिस्त्री वसतिगृहाचे नळ बसवणार. "ताई, तीस जूनपर्यंत माल हातात द्या. पंधरा दिवसांत चाळीस न्हाणीघरं म्हणजे माझी माणसं उभ्यानं जेवणार," असं तो म्हणत होता. मी त्यांना वाकड्या बोटाची गोष्ट सांगितली. मिस्त्रीनं ऐकली. लेक तारखा लिहीत होती.

९ मे

आज जे कळलं ते लिहितानाही मजा वाटतेय.

बेसिनांची भट्टी म्हणजे आपल्याला वाटते तशी खोली नसते, बोगदा असतो! शंभर मीटर लांब. एका तोंडातून कच्च्या बेसिनांचे गाडे आत जातात आणि अठरा तासांनी दुसऱ्या तोंडातून भाजून बाहेर येतात. मध्यभागी बाराशे अंश. रात्रंदिवस चालू. अकरा वर्षांत ही भट्टी एकदाही विझलेली नाही.

आणि आता विझणार आहे! छताच्या विटा झिजल्यात. या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बदलणार. एकदम थंड केली तर बोगद्याला तडे जातील, म्हणून तीन दिवस हळूहळू थंड करायची. चौथ्या दिवशी माणसं आत शिरणार. मग पुन्हा हळूहळू तापवायची. एकूण आठ-दहा दिवस. अकरा वर्षांत पहिल्यांदा घडणारी गोष्ट आणि नेमकं त्याच वेळी आपण तिथल्या माणसाशी बोलतोय, याला योगच म्हणायचा. भट्टीचं आकृतीचित्र समोरच्या पानावर काढून ठेवलंय. छत निळ्या शाईनं दाखवलं आहे.

जेवताना सगळं सांगितलं. लेक फोनमध्ये पाहत "हो का? छान," म्हणाली. ही म्हणाली, "आमटी निवतेय."

१२ मे

मांजरवालीला विचारलं, विटा बदलणारे लोक आत उष्णता कशी सोसतात? ओल्या गोण्या अंगावर घेऊन, एका वेळी पाच मिनिटं. वर्गात असताना हे ठाऊक असतं तर ज्वालामुखीचा धडा किती रंगला असता.

बंदराचा निर्णयही जवळपास झाला. सगळ्यात जड माल बेसिनं, आणि ती छोट्या बंदराशेजारी. आरसे नि नळ हलके, त्यांना तिकडे आणावं. अहवाल लिहायला घेतो.

१९ मे

अकरा पानी अहवाल घेऊन एकटाच भोवऱ्याकडे गेलो. त्यानं दोन्ही हातांनी घेतला, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं आणि खुर्ची फिरवायचा थांबला.

"सर, खोटं कसं बोलू तुमच्याशी? बुकिंग बारा एप्रिललाच झालंय. मोठ्या बंदरातून. एक जूनचं थेट जहाज."

बारा एप्रिल. लेकीनं मला काम दिलं ते चौदाला.

मी म्हणालो, "असू दे, असू दे. अभ्यास म्हणून केलं." छत्री विसरलो तिथं. परत आणायला गेलो नाही.

मला लहान मुलासारखं खेळणं दिलं. पाहुणे बोलत असताना पोरानं मध्ये मध्ये करू नये म्हणून हातात खुळखुळा देतात ना, तसं. मला खूप वाईट वाटलं. लेकीचा राग आला, आणि तिच्यापेक्षा जास्त स्वतःचा, कारण महिनाभर रोज सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून वाचनालयात जात होतो.

२० मे

हिला विचारलं. ही लपवाछपवी करणाऱ्यातली नाही.

"कल्पना माझी," म्हणाली. "तिची नव्हे. ती नको म्हणत होती."

"पण का?"

"गेल्या वर्षी तुम्ही गच्चीवर सावल्या मोजायला लागलात. पाण्याची टाकी किती मिनिटांत भरते त्याचा तक्ता केलात. मग तेही बंद केलंत आणि नुसते भिंतीकडे बघत बसायला लागलात. मला ते बघवत नव्हतं. काय करणार होते मी?"

लेकीनं दोनदा "बाबा" अशी हाक मारली, मी पेपर वर केला.

२४ मे

मांजरवालीचे दोन निरोप आलेत. उघडले नाहीत.

२७ मे

घरात आकांत.

सकाळी बेसिनांच्या कारखान्याच्या मॅनेजरचं पत्र आलं: दुरुस्तीमुळे माल पंचवीस मेऐवजी चार जूनला तयार होईल, क्षमस्व. एक जूनच्या जहाजासाठी माल एकोणतीस मेपर्यंत मोठ्या बंदरात पोचायला हवा. म्हणजे गेलंच ते जहाज. त्याच्या पुढचं कंपनीनं रद्द केलंय. त्याच्याही पुढचं पंधरा जूनला. तो माल वसतिगृहाशी नऊ जुलैला पोचेल. सहा दिवसांत चाळीस न्हाणीघरं! मिस्त्रीनं हात जोडले. वसतिगृहाच्या बाई फोनवर म्हणाल्या, पाच जुलैपर्यंत माल दिसला नाही तर त्या दुसरीकडून घेतील. नळ आणि आरसे मोठ्या बंदराच्या गोदामात जाऊन बसलेत, बेसिनांची वाट बघत.

लेक भिंतीला टेकून जमिनीवर बसली. "त्यांनी आधी का नाही सांगितलं? एका शब्दानं तरी सांगायचं ना!"

मी दारात उभा होतो. ही वही माझ्या खोलीत टेबलावर होती आणि तिच्यात नऊ मेच्या पानासमोर भट्टीचं चित्र, छत निळ्या शाईत.

सांगितलं होतं त्यांनी. मला सांगितलं होतं. तारखेसकट. अठरा दिवस मी ती बातमी धडा म्हणून सांभाळून ठेवली. भट्टी विझणार म्हणजे बेसिनं होणार नाहीत, हे तिसरीच्या पोराला कळलं असतं. मला विटा दिसल्या, ओल्या गोण्या दिसल्या, लेकीचा माल तेवढा दिसला नाही.

२८ मे

सकाळपासून विचार करतोय, सांगू का? कोणाला ठाऊक नाही. जेवताना बोललो होतो, पण त्या दिवशी कोणाचंच लक्ष नव्हतं. फोनमधले निरोप पुसता येतात. पान फाडता येतं. आणि मनात एक घाणेरडा विचारही आला, तो लिहितोच: मला खुळखुळा दिला ना, मग आता भोगा.

मग मला माझीच लाज वाटली.

वही तिला दाखवायची तर एकोणीस नि वीस मेची पानं फाडावी लागतील, कारण त्यांत लेकीबद्दल कडू लिहिलंय. काहीच फाडलं नाही. अख्खी वही नेऊन तिच्या हातात दिली. "नऊ मे वाच," म्हणालो. "बाकीचंही वाचलंस तरी चालेल."

ती जिन्याच्या पायरीवर बसून वाचत राहिली. मी आत हिच्याजवळ गेलो, हिलाही सांगितलं. ही म्हणाली, "काखेत कळसा नि गावाला वळसा," आणि मग माझा चेहरा पाहून, "आमटी निवतेय म्हणणारी मीच होते, मलाही धरा त्यात."

लेक तासाभरानं आत आली. डोळे लाल. मला वाटलं आता बोलणार, चिडणार. वही टेबलावर ठेवून म्हणाली, "बाबा, खुळखुळा नव्हता. म्हणजे होता. पण मला रोज संध्याकाळी ऐकायला आवडायचं. नीट ऐकलं असतं तर आज ही वेळ आली नसती." मग म्हणाली, "मांजरवाली अजून काय काय म्हणाली? मला सगळं सांगा. काही गाळू नका."

आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी काही गाळू नका म्हणालं.

२९ मे

भोवरा घरी आला, छत्री घेऊन. टेबलाभोवती आम्ही चौघं.

दोनच वाटा. मोठ्या बंदरातून पंधरा जूनचं थेट जहाज. किंवा नळ नि आरसे ट्रकनं खाली बेसिनांच्या कारखान्यात आणायचे, तिथंच कंटेनर भरायचा आणि छोट्या बंदरातून पाठवायचा. पण छोट्या बंदराला मोठी जहाजं लागत नाहीत. तिथून एक छोटं जहाज कंटेनर वाटेतल्या एका बंदरात नेतं आणि तिथं तो मोठ्या जहाजावर चढवतात.

"म्हणजे दोनदा चढउतार," भोवरा म्हणाला. "बेसिनं आहेत सर, सळया नव्हेत. शिवाय वाटेत ते पुढचं जहाज चुकलं तर? वीस वर्षं मी गिऱ्हाइकाला एकच सांगतो, थेट जहाज मिळत असताना दुसरीकडे बघू नका."

लेक माझ्याकडे वळली. "बाबा, आता खरंच विचारतेय. कुठलं बंदर?"

अकरा पानी अहवालात मी ठामपणे छोटं बंदर लिहिलं होतं, पण तेव्हा चुकलो असतो तर कोणाचं काय जाणार होतं? "मला माहीत नाही," मी म्हणालो. "विचारतो."

मांजरवालीचे न उघडलेले निरोप आधी वाचले. पहिल्यात भट्टी कशी विझवली त्याचा फोटो होता. दुसऱ्यात, "आदरणीय शिक्षक, आपण आजारी आहात का?" आधी तिची माफी मागितली. मग विचारलं, "हा माल तुझा स्वतःचा असता तर कुठल्या बंदरातून पाठवला असतास?"

चौघं फोनकडे बघत बसलो. दहा मिनिटांनी उत्तर आलं.

"मला जहाजांचं फार कळत नाही. पण आमचा माल नेहमी उशिरा तयार होतो, म्हणून आम्ही छोट्या बंदरातून पाठवतो. छोटं जहाज चुकलं तर तीन दिवसांनी दुसरं. तुमचं मोठं जहाज चुकलं तर किती दिवस?"

महिनाभर मी जहाज गाठलं तर किती दिवस, हेच मोजत होतो. चुकलं तर किती, हा प्रश्न तेवीसांतही नव्हता आणि नंतरच्या शेदीडशेतही नव्हता.

भोवरा हळूच म्हणाला, "सर, तुमचं एक होतं. घंटा झाली की दार बंद. मी धावत यायचो, तोवर कडी. अख्खा तास व्हरांड्यात. चित्रकलेच्या सरांचं दार उघडंच असायचं. त्यांच्या विषयात मी कधी नापास झालो नाही."

तो हे चिडून बोलला नाही, सहज बोलला. पण मला लागलं. लागायलाच हवं होतं. तेरा मार्क त्याला पडले, न पडलेल्या सत्त्याऐंशींतले काही माझ्यामुळेही गेले होते.

"छोटं बंदर," लेक म्हणाली. भोवऱ्यानं मान डोलावली आणि उभं राहून फोन लावला.

६ जून

चुकलं. आरशांचा ट्रक वाटेत बंद पडला, आरसे एक दिवस उशिरा कारखान्यात आले आणि आजचं छोटं जहाज त्यांच्याशिवाय गेलं. लेक पांढरीफटक. मी म्हणालो, "तीन दिवस." ती म्हणाली, "तीन दिवस," आणि स्वतःशीच बोटं मोजत आत गेली.

९ जून

भरला. मांजरवालीनं कंटेनरचा फोटो पाठवलाय. आत खोलवर बेसिनं, आरसे कडेला उभे, दाराशी नळांची खोकी. मिस्त्रीनं तसंच सांगितलं होतं, त्याला आधी नळाच्या भिंतीतल्या जोडण्या करायच्यात. "आधी लागणारं शेवटी भरा," हे वाक्य भाषांतर होऊन बरोबर पोचलं की नाही याची मला धास्ती होती. पोचलं. प्रत्येक बेसिन पुन्हा एकदा वाजवून मगच आत ठेवलं, असं ती म्हणते. तिनं स्वतः वाजवली.

संध्याकाळी छोटं जहाज निघालं.

१६ जून

वाटेतल्या बंदरात कंटेनर मोठ्या जहाजावर चढला. भोवऱ्यानं फोन करून सांगितलं, "सर, चढला." मी विचारलं, कुठल्या अक्षांशावर आहे आता? तो म्हणाला, "सर, ते तुम्ही सांगा, मी तेरा मार्कांवाला."

अक्षांश सांगितला. शिवाय वर्गाचं दार लावायचो त्याबद्दल जे सांगायचं होतं तेही सांगितलं. फोनवर जमलं, समोर जमलं नसतं. तो म्हणाला, "जाऊ द्या हो सर. चहाला या."

३० जून

जहाज अजून बाहेर समुद्रातच उभं आहे. धक्का रिकामा नाही म्हणून दोन दिवस थांबवलंय. आणि तीस तारीख आज. साहेबांना आज कळवायचं.

लेक सकाळपासून फोन हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत. दुपारी माझ्यासमोर येऊन बसली. "बाबा, माल वेळेत नाही सुटला तर? निम्मी बेसिनं फुटलेली निघाली तर? काय कळवू?"

अडतीस वर्षं प्रश्न यायच्या आधी माझं उत्तर तयार असायचं. आज खूप शोधलं. तिला "नको जाऊस परत, घाबरू नकोस" म्हणायचा मोह झाला, पण तेही माहीत असल्याचं सोंग झालं असतं. "कंटेनरमध्ये काय आहे ते मलाही दिसत नाही," मी म्हणालो. "पण साहेबांकडे परत गेलीस तर धंद्याचं हे दार पुन्हा कधी उघडेल, ते एकदा मोज. आणि नाही गेलीस आणि इथं चुकलीस तर पुढची ऑर्डर किती दिवसांनी मिळेल, तेही मोज."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग तिथंच बसून लिहिलं, "परत येणार नाही. आभारी आहे." मला वाचून दाखवलं आणि पाठवून दिलं. त्यानंतर ती रडली, ही तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली, आणि मला काय करावं सुचेना म्हणून मी पाणी आणलं.

४ जुलै

वसतिगृहाच्या आवारात सकाळी आठला कंटेनर उघडला. बाई हजर होत्या, घड्याळ बघत. एक दिवस राखून आलो.

दाराशी नळांची खोकी, जशी हवी तशी. मिस्त्रीनं एकेक बेसिन बाहेर काढून वाजवलं. मी शेजारी उभा राहून मोजत होतो. सव्विसावं बद्द वाजलं. सगळे थबकले. सत्ताविसावं खणखणीत. चाळीसपर्यंत पुन्हा बद्द आवाज आला नाही, आणि त्यामागे आणखी दोन निघाली, कारखान्यानं जास्तीची ठेवलेली. मिस्त्री म्हणाला, "ताई, माझी माणसं उभ्यानं जेवतील, पण होईल."

बाईंनी घड्याळ बघायचं थांबवलं आणि लेकीला विचारलं, "पुढच्या इमारतीचं बघाल का?"

मांजरवालीला कळवलं. तिनं लिहिलं, "एक फुटलं? कुठलं? मी बेचाळीसही वाजवली होती." तिला फार वाईट वाटलं. मी खूप समजावलं. मग तिनं विचारलं, आपल्या गावातली माती कुठल्या रंगाची? उद्या पाहून सांगतो म्हटलंय.

१५ जुलै

आज वसतिगृह उघडलं. लेक आणि मी सकाळीच गेलो. मिस्त्रीची माणसं शेवटची झाडलोट करून जिन्यावर झोपली होती.

तिसऱ्या मजल्यावरचं न्हाणीघर बघायला आत शिरलो. पांढरं बेसिन, वर आरसा, चकचकीत नळ. मी लेकीला सांगत होतो की आरशांचा ट्रक कुठल्या घाटात बंद पडला असेल, तिथली खडकांची जडणघडण कशी असते, आणि भट्टीतल्या विटा… ती ऐकत होती. आता ती खरंच ऐकते, मध्येच थांबवून तारीख विचारते.

एवढ्यात दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. खांद्यावर टॉवेल, हातात प्रवासाची पिशवी तशीच. आमच्याकडे पाहून म्हणाली, "काका, तुमचं झालं असेल तर… मला दहाला कामावर पोचायचंय."

"हो, हो, झालंच," म्हणत आम्ही बाहेर आलो. तिनं आत जाऊन कडी लावली. नळ सुटल्याचा आवाज आला. ती तोंड धूत होती. बेसिन कुठलं, कुठून आलं, कोणी वाजवलं, तिनं काही विचारलं नाही.

लेकीनं माझा दंड धरला. पाणी बंद होईपर्यंत आम्ही दोघं तिथंच उभे होतो.